किंग हेन्री रोडवरचे घर आणि त्याचे छप्पर



स्मरणिका समितीने मला लेख मागितला तेव्हा "विहाराचा इतिहास लिहा" असे सांगितले होते. पण तो इतिहास लिहिणारे माझ्यापेक्षा जाणते लोक या वस्तीत आहेत. ज्यांनी पाया खणताना पाटी उचलली त्यांनीच तो लिहावा. मी एका छपराविषयी लिहिणार आहे. ते छप्पर नागापुरात नाही, लंडनमध्ये आहे. तरी त्याचा आपल्याशी काय संबंध ते शेवटपर्यंत वाचणाऱ्याला कळेल.

झाले असे की गेल्या पावसाळ्यात आपल्या विहाराचे छप्पर गळले. बुद्धमूर्तीच्या मागच्या भिंतीला ओल आली, बाबासाहेबांच्या तसबिरीच्या काचेआड पाणी शिरले. आयाबायांनी वंदनेला बसायच्या जागी परात ठेवली. टप टप आवाज आणि वर त्रिसरण चालू! मग बैठक बसली. तरुण मंडळींचे म्हणणे, कौले उतरवा, वासे विका, एकदाच स्लॅब टाकून मोकळे व्हा. मी म्हणालो, बाबांनो, तिकडे लंडनला बाबासाहेब राहिले त्या घरासारखी सव्वाशे-दीडशे वर्षांची घरे आहेत, त्यांची छपरे लोक अजून दुरुस्त करून वापरतात. तेव्हा खजिनदार पोरगा हसून म्हणाला, "काका, कुठं लंडन आन् कुठं नागापूर!" सगळे हसले, मीही हसलो. पण घरी आल्यावर झोप येईना. मी शिकलेला माणूस नाही, नववीतून शाळा सुटली. जे काही वाचले ते पाळी संपल्यावर वाचले. तेव्हा ठरवले की बैठकीत जे धड सांगता आले नाही ते लिहून काढावे.

ते घर म्हणजे १०, किंग हेन्री रोड. लंडनच्या वायव्येला कॅमडेन नावाचा भाग आहे, त्यात प्रिमरोज हिल नावाची एक टेकडी आहे, तिच्या जवळ. रस्त्याला हेन्री राजाचे नाव का, तर ही सगळी जमीन मुळात इटन कॉलेजची होती. सहाव्या हेन्री राजाने १४४० साली ती शाळा काढली. आजूबाजूच्या रस्त्यांची नावेही इटन, फेलोज, प्रोव्होस्ट अशी त्या शाळेवरूनच पडली. शाळेच्या नावावर केवढी जमीन, बघा. आपल्याकडे त्या काळात आणि पुढे चारशे वर्षे आपल्या माणसाला शाळेची पायरी सुद्धा ठाऊक नव्हती.

लंडनहून बर्मिंगहॅमला जाणाऱ्या रेल्वेचा पहिला टप्पा १८३७ साली सुरू झाला तो याच टेकडीच्या पोटातून बोगदा काढून. पुढे राणी व्हिक्टोरियाच्या राज्यात, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळात, शेतांच्या जागी घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. एकमेकांना भिंत चिकटलेली, अरुंद आणि उंच घरे. मध्यमवर्गीय कुटुंब एका घरात राहील, नोकर तळघरात आणि माळ्यावर राहतील, असा तो हिशेब. पहिल्या महायुद्धानंतर हा हिशेब बिघडला. अशा कितीतरी घरांमध्ये घरमालकिणी खोल्या भाड्याने देऊ लागल्या, आणि भाडेकरूंत हिंदुस्थानातून आलेले विद्यार्थी असत.

त्यातला एक विद्यार्थी आपला होता. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचे शिक्षण अर्धे टाकून बाबासाहेबांना परतावे लागले होते. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पै पै साठवली, राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राकडून कर्ज घेतले आणि जुलै १९२० मध्ये ते पुन्हा निघाले. १९२१-२२ मध्ये ते या घरात राहिले. घराच्या भिंतीवर तशी गोल निळी पाटी आहे.

त्या दोन वर्षांत त्यांनी काय केले ते आपल्या पोरांना तोंडपाठ असायला हवे. जून १९२१ मध्ये एम.एस्सी. १९२२ मध्ये ग्रेज इनमधून बॅरिस्टर. ऑक्टोबर १९२२ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध विद्यापीठाला दिला. तो आधी परीक्षकांना रुचला नाही, सुधारून द्यावा लागला, आणि १९२३ मध्ये पुस्तक निघाले तेव्हा त्याला प्रोफेसर एडविन कॅनन यांची प्रस्तावना होती. मधल्या काळात मे १९२२ मध्ये शाहू महाराज गेले. आणि इकडे परळच्या पोयबावडीला, बी.आय.टी. चाळीतल्या ५०-५१ नंबरच्या खोल्यांत, रमाई संसार ओढत होत्या.

जेवणाचे हाल होते हे आपण चरित्रांत वाचतोच. सकाळी पावाचा तुकडा आणि चहा, मग दिवसभर ग्रंथालय, रात्री पुन्हा जेमतेम. प्रिमरोज हिलपासून ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय दोन-अडीच मैल. मी स्वतःशी विचार करतो की त्या माणसाच्या डोक्यावर तेव्हा स्वतःच्या मालकीचे काही नव्हते. भाड्याचे छप्पर होते. पण ते गळत नसावे, कारण पुस्तके कोरडी राहिली.

आता छपराकडे वळतो, कारण माझा जन्म छपराखाली नव्हे, छपरावर गेला. आमचे तात्या मुंबईच्या गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ चा संप झाला, गिरण्या बंद पडल्या, अडीच लाखांच्या घरात कामगार संपावर गेले, त्यात तात्यांचीही नोकरी गेली. आम्ही बिऱ्हाड उचलून गावाकडे आलो. पुढे मी जिल्ह्यातल्याच एका सूतगिरणीत लागलो, आणि बारीक अंगाचा म्हणून मेंटेनन्सवाले मला दर मे महिन्यात शेडवर चढवायचे. गिरणीचे छप्पर ज्यांनी वरून पाहिले नाही त्यांना सांगतो. ते करवतीच्या दातांसारखे असते. प्रत्येक दाताची उभी बाजू काचेची आणि ती उत्तरेकडे, म्हणजे खात्यात उजेड येतो पण ऊन येत नाही. दोन दातांच्या मध्ये पाट असतो, त्यातून पाणी वाहून जाते. गिरणी गळते ती नेहमी त्या पाटातून गळते. कबुतराचे घरटे, कापसाचा गोळा, पिंपळाचे रोप, एवढ्यावर पाट तुंबतो आणि खाली मशीनवर धार लागते. एका साली व्यवस्थापनाने पाट साफ करायची मजुरी वाचवली आणि जुलैत दोन रात्री अख्खे खाते बंद ठेवावे लागले. खाडा मात्र आमच्याच पगारातून कापला.

लंडनच्या त्या जुन्या घरांचेही तसेच आहे. पुष्कळ घरांची छपरे समोरून दिसतच नाहीत, पुढे भिंत वर नेऊन ती झाकलेली असतात. मागे दोन पाखे आतल्या बाजूला उतरतात आणि मधोमध पाट. उघड्या वहीसारखा आकार म्हणा. त्या पाटात शिशाचा पत्रा घातलेला असतो. शिसे मऊ, हातोडीने ठोकून कोपऱ्यात बसवता येते, आणि पिढ्यान् पिढ्या टिकते. फक्त चोर उचलून नेतात! तिकडेही शिशाचे चोर आहेत हे वाचून मला बरे वाटले.

आणि पाख्यांवर काय असते? पाटी. हो, तीच आपली शाळेची पाटी. स्लेट दगड. त्याचे पापुद्रे निघतात, छिन्नीने पातळ थर काढता येतो. आपल्याकडच्या शाळेच्या पाट्या आंध्रातल्या मार्कापूरच्या दगडाच्या यायच्या. लंडनच्या छपरांवर ती बहुतेक उत्तर वेल्सच्या डोंगरातून आली. ज्या दगडावर आपण ग म भ न गिरवले त्याच जातीच्या दगडाखाली तिकडची माणसे दीडशे वर्षे झोपतात. हे पहिल्यांदा कळले तेव्हा मला राहवले नाही, मी घरच्या पोरांना बोलावून सांगितले. त्यांना त्यात काही विशेष वाटले नाही. त्यांनी दगडी पाटी पाहिलेलीच नाही.

या पाट्यांची मापे ठरलेली असतात आणि त्यांना नावे आहेत. चोवीस इंच लांब, बारा इंच रुंद तिचे नाव डचेस. वीस बाय दहा ती काउंटेस. सोळा बाय आठ ती लेडी. म्हणजे सरदारांच्या बायकांच्या हुद्द्यांवरून दगडांची उतरंड लावली! माणसांची उतरंड लावून झाली, दगडही सोडले नाहीत. आपल्याला यात हसू येते, कारण आपण ही शिडी खालून पाहिली आहे.

पण ते दगड काढले कोणी हे बघा. वेल्समध्ये बेथेस्डा गावाजवळ पेनरिनची खाण आहे, एके काळी जगातल्या सगळ्यात मोठ्या स्लेटच्या खाणींपैकी. तिचा मालक रिचर्ड पेनंट हा जमैकात उसाच्या मळ्यांचा धनी होता. त्या मळ्यांत आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम राबत. त्या पैशातून त्याने अठराव्या शतकाच्या शेवटी खाण वाढवली, रस्ता काढला, बंदर बांधले. इंग्लंडच्या पार्लमेंटात बसून तो गुलामांच्या व्यापाराच्या बाजूने बोलत असे. पुढे १८३३ चा कायदा झाला आणि गुलामी संपली, तेव्हा नुकसानभरपाई मिळाली ती मालकांना. गुलामांना दमडी नाही. तिकडचा हिशेब आणि इकडच्या वतनदारीचा हिशेब एकाच वहीतला वाटतो.

खाणीतले कामगार वेल्श भाषा बोलणारे, चॅपेलात जाणारे गरीब लोक. मालक इंग्रज लॉर्ड. नोव्हेंबर १९०० मध्ये तिथे संघर्ष पेटला. संघटनेला मान्यता द्या, वर्गणी गोळा करू द्या, हे मुख्य मागणे. सुमारे २८०० कामगार बाहेर पडले आणि तो संप नोव्हेंबर १९०३ पर्यंत, म्हणजे तीन वर्षे चालला. जे कामावर परतले नाहीत त्यांच्या घरांच्या खिडक्यांत एक छापील कार्ड लावलेले असे, या घरात कोणी फितूर नाही अशा अर्थाचे. गावाचे दोन तुकडे झाले, भाऊ भावाशी बोलेना. शेवटी कामगार हरले. अनेकजण दक्षिणेकडच्या कोळशाच्या खाणींत निघून गेले, ते परत आलेच नाहीत.

हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले होते. आमच्या चाळीतही ८२ नंतर असेच झाले. जो पहिल्यांदा गेटातून आत गेला त्याच्या घरच्यांशी नळावर कोणी बोलत नसे. तात्या मरेपर्यंत एका माणसाचे नाव घेत नसत. आता वाटते, तो माणूस काय सुखाने आत गेला असेल? पण हा वेगळा विषय आहे.

आणखी एक सांगतो. स्लेट फोडताना बारीक धूळ उडते, ती छातीत बसते. कापसाच्या धुळीने आमच्या लोकांचा दम गेला तसा त्या धुळीने त्यांचा. मालक लोक बरीच वर्षे म्हणत राहिले की ही धूळ आरोग्याला अपायकारक नाही. नुकसानभरपाईचा कायदा झाला तो १९७९ साली. तोवर बहुतेक खाणी बंदही झाल्या होत्या. आता युनेस्कोने २०२१ मध्ये त्या डोंगराला जागतिक वारशाचा दर्जा दिला आहे.

तर बाबासाहेब त्या घरात दिवा लावून वाचत बसत तेव्हा त्या वस्तीच्या छपरांवर असे दगड होते. छपराला जात नसते म्हणतात. छपराखाली मात्र असते. आपल्याच मुंबईच्या गिरण्यांत, एकाच करवती छपराखाली, आपल्या माणसाला त्रासन खात्यात काम मिळे आणि साच्यांवर मिळत नसे. कारण काय, तर धोट्यातून धागा तोंडाने ओढून काढावा लागे, मग विटाळ होणार. पगार साच्यांवर जास्त. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना बजावले की आमच्या कामगारांवरची ही बंदी उठवण्याची मागणी घातली नाही तर आमचे लोक संपात राहणार नाहीत. तेव्हा कुठे ती मागणी यादीत आली.

आता दुरुस्तीचे. हा भाग आपल्या बैठकीसाठी मुद्दाम सविस्तर लिहितो.

पाटीचे छप्पर खराब होते तेव्हा पाटी सहसा खराब झालेली नसते. खिळा खराब झालेला असतो. जुन्या काळी लोखंडी खिळे वापरले, ते शंभर वर्षांत गंजून तुटतात, आणि चांगली पाटी घसरून खाली येते. तिकडे कारागीर याला खिळ्यांचा आजारच म्हणतात. एखाददुसरी पाटी घसरली तर शिशाची किंवा तांब्याची पट्टी आकड्यासारखी वाकवून तिला धरून ठेवतात. पण एका पाख्यावर अशा पुष्कळ पट्ट्या दिसू लागल्या की समजायचे, आता सगळा पाखा उतरवायची वेळ आली.

मग परांची बांधतात, वरून ताडपत्रीचा मांडव घालतात म्हणजे घर भिजू नये. पाट्या एकेक करून हाताने काढतात आणि प्रत्येक पाटीवर बोटाच्या पेराने टिचकी मारतात. खणखणीत वाजली तर चांगली, बद्द वाजली तर आत तडा आहे. आपण कुंभाराकडे मडके घेताना हेच करतो, कौलाचेही हेच. चांगल्या पाट्या मापाप्रमाणे रचून ठेवतात. खालच्या रिपा बदलतात, वासा कुजला असेल तर कुजलेला भाग कापून तेवढाच नवा जोडतात. मग जुन्याच पाट्या तांब्याच्या खिळ्यांनी पुन्हा बसवतात. कमी पडतील तेवढ्याच त्याच जातीच्या दगडाच्या आणतात. बसवण्याची रीत अशी की दुसरी ओळ पहिलीवर, आणि तिसऱ्या ओळीची खालची कड पहिल्या ओळीच्या डोक्यावर थोडी चढलेली. म्हणजे एखाद्या सांध्यातून पाणी शिरलेच तरी खाली दुसरी पाटी असते. खिळ्याचे भोक नेहमी वरच्या पाटीखाली झाकलेले.

चुका काय होतात तेही सांगतो. तिकडे मधल्या काळात अनेकांनी स्वस्तात पडते म्हणून जुन्या पाट्या काढून सिमेंट-काँक्रीटची कौले घातली. ती जड. वासे होते पाटीच्या वजनाच्या हिशेबाचे. काही वर्षांत छपराला पोट आले, आढे वाकले, भिंती बाहेर ढकलल्या गेल्या. दुसरे म्हणजे आतून फेस मारणे. पाट्या घसरू नयेत म्हणून खालून फुगणारे रसायन फवारतात. त्याने लाकडाचा वारा बंद होतो, दमट राहून ते कुजते, आणि पाट्या अशा चिकटतात की पुन्हा एकही सुटी निघत नाही.

म्हणून मी बैठकीत वजनाचे विचारत होतो. आपल्या विहाराच्या भिंती दगड-मातीच्या, वर कौलांच्या हिशेबाने बांधलेल्या. मंगलोरी कौले रिपांसकट एका चौरस मीटरला पासष्ट किलोच्या आसपास बसतात. चार इंची स्लॅब म्हणजे अडीचशे किलो. चौपट वजन त्याच भिंतींवर टाकणार का? नाही, तर मग कॉलम उभे करा, म्हणजे पाया नवा, भिंती नव्या, म्हणजे विहारच नवे. तसे करायचे असेल तर तसे उघड ठरवा, "छप्पर बदलतो" म्हणू नका.

आपल्या कौलांचाही इतिहास आहे. मंगलोरला बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला. धर्म बदलला म्हणून ज्यांचा जातीतला धंदा सुटला अशा लोकांना काम मिळावे हा त्यात एक हेतू होता. तिथून ही कौले रेल्वेने, गलबतांनी सगळीकडे गेली. आमच्या आजोबांच्या घरावर ती नव्हती. आमच्याकडे धाबे, वर पांढरी माती, आणि रोहिणी निघाल्या की माती टाकायची धावपळ. विहार बांधताना कौल आले तेव्हा ते श्रीमंतीचे वाटले होते. घरामागे अकरा कौले असा नियम ठरला. ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांनी बाजरीच्या खुडणीची मजुरी दिली. माझ्या आईने अकराच्या ऐवजी बारा दिली, आणि बारावे कोणाच्या नावाचे ते कधी सांगितले नाही.

आता लंडनच्या घराची पुढची हकीकत. २०१४ मध्ये ते घर विक्रीला निघाले. तिथल्या आपल्या लोकांनी, म्हणजे फेडरेशन ऑफ आंबेडकराइट अँड बुद्धिस्ट ऑर्गनायझेशन्स या संघटनेने, महाराष्ट्र शासनाकडे धोशा लावला की हे घर हातचे जाऊ देऊ नका. हे लोक मंत्री नव्हेत, नोकऱ्या-धंदे करणारी माणसे. पत्रे, बैठका, पुन्हा पत्रे. २०१५ मध्ये शासनाने तीस लाख पौंडांहून अधिक किंमत मोजून घर घेतले. १४ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते स्मारकाचे उद्घाटन झाले. त्याच्या महिनाभर आधी, ११ ऑक्टोबरला, दादरला इंदू मिलच्या जागेवर स्मारकाची पायाभरणी झाली होती. एका महिन्यात एक घर राखले आणि एका गिरणीच्या जागी नवे काम सुरू झाले. गिरणी गेल्याचे दुःख मला नाही असे म्हटले तर खोटे होईल. ते करवती छप्पर थोडे तरी ठेवायला हवे होते, पोरांना दाखवायला.

घर घेतले, उद्घाटन झाले, हार पडले. पण एक काम राहून गेले होते. राहत्या घराचे संग्रहालय करायचे तर कॅमडेन कौन्सिलची परवानगी लागते. अर्ज गेला तो २०१८ मध्ये, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात कौन्सिलने तो नाकारला. कारण दिले की राहण्याची जागा कमी होते. शेजारच्या काहींची गर्दी-गोंगाटाची तक्रारही होती. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत तेव्हा फार आरडाओरडा झाला. माझे मत विचाराल तर कौन्सिलचा मुद्दा जातीय द्वेषाचा नव्हता. लंडनमध्ये माणसांना राहायला घरे नाहीत, म्हणून एकही राहते घर कमी करायचे नाही असा त्यांचा नियम. चाळीच्या दहा बाय दहामध्ये नऊ माणसे राहिलेल्या माझ्यासारख्याला तो नियम समजतो. चूक असेल तर ती आधी परवानगी न घेण्याची. पण या एका घराची गोष्ट वेगळी आहे, हे पटवून द्यायचे होते. शासनाने अपील केले, सप्टेंबर २०१९ मध्ये जाहीर सुनावणी झाली, कागदपत्रे, साक्षी झाल्या, आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटनचे मंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी अपील मंजूर केले. घर संग्रहालय म्हणून राहिले. बाबासाहेब तिथे कायदा शिकले, आणि त्यांचे घरही शेवटी अर्ज, अपील, सुनावणी या वाटेनेच राहिले.

आपल्या वस्तीतला एक मुलगा नोकरीनिमित्त तिकडे गेला होता, तो त्या घरी जाऊन आला. मोबाईलवर फोटो पाठवले. निळ्या पाटीचा, दाराचा, आतल्या पुतळ्याचा. मी त्याला फोन करून विचारले, "बाळा, छताला डाग आहेत का रे? पावसाळी पाण्याचा पाइप सरळ आहे का?" तो म्हणाला, "काका, तिथं जाऊन कोण छत बघतं? मी तर रडत होतो." बरोबर आहे त्याचे. मीही गेलो असतो तर रडलोच असतो. पण रडून झाल्यावर वर पाहिले असते.

कारण ते घर आता महाराष्ट्राचे आहे, म्हणजे तुमचे-माझे आहे. लंडनला पाऊस आपल्यासारखा चार महिने कोसळत नाही, पण वर्षभर रिमझिमतो. दर हिवाळ्याआधी पाट साफ करणे, घसरलेली पाटी बसवणे, शिशाचे सांधे तपासणे, हे काम करणारा माणूस नेमून त्याला वेळेवर पैसे देणे, हे उद्घाटनाच्या फोटोत कधी येत नाही. अंदाजपत्रकात मात्र ते दर वर्षी यायला हवे. घर विकत घ्यायला सगळे पुढे येतात. पन्हळ साफ करायला कोणी येत नाही, लंडन असो की नागापूर.

हे सगळे लिहायला घेतल्यावर मी गेल्या रविवारी शिडी लावून आपल्या विहाराच्या छपरावर चढलो. पन्नाशी उलटली तरी अजून चढता येते. घरच्यांना सांगितले नव्हते, आता वाचतील. एकेक कौल वाजवून पाहिले. उत्तरेच्या पाख्यावर सदतीस कौले फुटकी किंवा बद्द आहेत, दक्षिणेच्या पाख्यावर अकरा. आढ्याची सहा सुटली आहेत, तिथला चुना गेला आहे. वासे दोन कुजले, तेही फक्त भिंतीत शिरतात त्या टोकाला, हातभर. मूर्तीमागची ओल कौलांची नाहीच. मागच्या पन्हळीत लिंबाचा पाला आणि एक प्लास्टिकचा चेंडू अडकला होता, पाणी उलटे भिंतीत जात होते. चेंडू खाली टाकला तेव्हा पोरांनी ओळखला, दोन वर्षांपूर्वीचा म्हणाले.

कौले उतरवताना त्यांच्या पोटाशी कारखान्याचा छाप आहे तो बघा, आणि काहींवर कोळशाने किंवा डांबराने नावे लिहिलेली आहेत. आपल्याच घरांची. फुटलेल्यांवरचीही नावे मी वहीत उतरवून घेतली आहेत, ती वही खजिनदाराकडे दिली आहे. येत्या बैठकीत त्यावर बोलू. तोवर पन्हळ पूर्ण साफ करायची राहिली आहे, त्यासाठी लांब शिडी ज्यांच्याकडे असेल त्यांनी रविवारी सकाळी वंदनेनंतर आणावी. माझी शिडी दोन हात कमी पडते.